दिवाणजींबद्दल लिहिताना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझी चार पानं पोचली. आबांच्या वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढून नातेवाइकांच्या हाती द्यायची, हा तुमच्या घरच्यांचा विचार मला मनापासून आवडला. लिहायचं काम तुझ्याकडे आलं, याचा तर जास्तच आनंद झाला. तू मत विचारलं आहेस, तेव्हा हातचं न राखता सांगतो.

तुझ्या पानांत आबा प्रेमळ आहेत, कष्टाळू आहेत, शिस्तीचे आहेत, चार माणसं जोडून राहणारे आहेत. यातलं काहीही खोटं नाही. पण नाव झाकून हीच पानं दुसऱ्या घरी दिली, तर तिथल्या आजोबांनाही ती जशीच्या तशी लागू पडतील. बार्शीच्या बाजारात पोऱ्या म्हणून शिरलेला आणि दिवाणजी म्हणून बाहेर पडलेला, आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवलेला माणूस मला त्यांत भेटला नाही. गावानं त्यांना नावानं कधी हाक मारली नाही, 'दिवाणजी' म्हणूनच ओळखलं. मग हा दिवाणजी दिवसभर करत काय होता, हे पुण्यातल्या आणि अमेरिकेतल्या तुझ्या भावंडांना कळायला नको का?

कर्मवीर मामासाहेब जगदाळ्यांची आठवण ठेवायला बार्शीत त्यांनी उभ्या केलेल्या संस्था आहेत. पेढीच्या मालकाची आठवण ठेवायला निदान दुकानावरची पाटी तरी असते. अडत दुकानातल्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या पेढीवरच्या दिवाणजीचं नाव कुठेच लागत नाही. त्याच्या हातच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, शेतकऱ्यांनी खिशात घालून नेल्या आणि धुण्यात विरघळून गेल्या. म्हणून आबांचं मोठेपण पटवून देण्यात पानं घालवू नकोस. ते नेमके कसे जगले, तेवढं टिपून ठेव. मला सांगायचं आहे ते एवढंच, पुढचं सगळं त्याचा विस्तार आहे.

जन्मतारखेपासूनच सुरुवात कर. तू पहिल्या ओळीत '१ जून १९२८' लिहिलं आहेस, आधार कार्डावरून घेतलं असणार. त्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, ते तुझ्याच नात्यात मोजून बघ. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की पोर शाळेच्या वयाचं झालं असं समजायचे. बापाला तारीख सांगता आली नाही, की मास्तर अंदाजानं वर्ष ठरवून १ जून लिहायचे. तेव्हा ही तारीख शाळेची आहे असं लिही, जन्माची म्हणू नकोस. खरी मिळाली नाही तरी बिघडत नाही, पण शोध घे. पणजींनी कधी काही सांगितलं होतं का? सुगीत झाला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाला, अमक्याच्या लग्नाच्या वर्षी झाला, असं काही? तुझ्या थोरल्या आत्याला विचार. बायका तारीख सांगत नाहीत, पण आधी कोण आणि नंतर कोण हे त्यांचं कधी चुकत नाही.

आबांचं जन्मगाव तेव्हा मोगलाईत होतं. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. तिकडचे जुने कागद उर्दूत असतात, ते वाचून घ्यायला जाणकार गाठावा लागेल. बार्शीतल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र त्यांची एक ओळ नक्की असणार. मागची शाळा कोणती, शाळा सोडली कधी आणि का, याचे रकाने त्यात असतात. शाळा सोडल्याचं कारण काय लिहिलं आहे, ते आवर्जून बघ. आणि घरातलं कोणी पूर्वी त्र्यंबकेश्वरला विधीसाठी गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तुमच्या घराण्याची नावं पिढ्यांप्रमाणे मिळतील. गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात.

मग बार्शी. वाचणाऱ्याला बार्शी माहीत आहे असं धरून चालू नकोस. उत्तरेला आणि पूर्वेला निजामाची हद्द, हा भाग इंग्रजांचा, आणि बार्शी त्या सीमेवरची पेठ. बालाघाटावरून कापूस, तेलबिया, धान्य गाड्यांतून खाली यायचं आणि बार्शीत विकलं जायचं. याच मालावर डोळा ठेवून एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे टाकली. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीच्या मोठ्या लाईनला जोडली गेली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. या गाडीमुळे अडतीची दुकानं वाढली, दुकानं वाढली म्हणून लिहित्या-वाचत्या पोरांची गरज पडली, आणि म्हणून मोगलाईतल्या खेड्यातला एक बारा वर्षांचा मुलगा मामाच्या मागे चालत बार्शीला आला. हे सलग सांग. तू 'लहानपणी परिस्थितीमुळे बार्शीला आले' असं म्हणून पुढे गेली आहेस. परिस्थिती म्हणजे काय, तेच तर लिहायचं आहे.

आता कामाकडे ये. 'अडत दुकानात नोकरी केली' असे चार शब्द तू लिहिलेस. तिथं मला सहा पानं हवीत.

शेतकरी गाडी घेऊन यायचा. हमाल पोती उतरवायचे, माल पडायचा, नमुना निघायचा, भाव ठरायचा, तोल व्हायचा आणि शेवटी दिवाणजी पट्टी करायचे. मालाची रक्कम वर, खाली अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता म्हणजे वजनातली कपात, आधी घेतलेली उचल आणि तिचं व्याज. एवढं वजा जाऊन जे उरायचं ते शेतकऱ्याच्या हातात. लग्न, बियाणं, बैल या सगळ्यासाठी तो उचल घ्यायचा ती याच पेढीवरून, म्हणून माल दुसरीकडे नेण्याची त्याला सोयच नव्हती. तुझे आबा या दोघांच्या मध्ये बसायचे, हातात टाक घेऊन. रात्री रोजकीर्द, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाची वही, पुरी झाल्याशिवाय, शिल्लक जुळल्याशिवाय दुकानातून उठायचं नाही. तुझी आजी जेवायला थांबून राहायची ती त्यामुळे. तू लिहिलेला 'शिस्तप्रिय' हा शब्द इथून आलेला आहे. शिस्त लिहू नकोस, शिल्लक जुळत नव्हती ती रात्र लिही.

एक अवघड गोष्टही तुला लिहावी लागेल. जुन्या बाजारात भाव हत्ता पद्धतीनं ठरायचा. खरेदीदार आणि अडत्या उपरण्याखाली हातात हात घ्यायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. कुठलं बोट, किती वेळा, कुठल्या पेरावर, हे त्या दोघांनाच कळायचं. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा असायचा आणि त्याला काहीच दिसायचं नाही. मुंबई प्रांतात १९३९ चा बाजार कायदा आला, पुढे १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा आला, नियंत्रित बाजारात उघड लिलाव सुरू झाले आणि हत्ता मागे पडला. आबांनी दोन्ही पाहिलं. उपरण्याखालच्या त्या बोटांबद्दल त्यांना काय वाटायचं? ते स्वतः शेतकऱ्याचे पोर होते. त्यांचे वडील असंच कुणाच्या तरी दुकानासमोर उभे राहिले असतील. घरात ते याबद्दल कधी बोलले असतील तर तो शब्द न् शब्द लिही. बोलले नसतील तर तेही लिही, की पेढीबद्दल इतकं सांगणारा माणूस या एका गोष्टीवर गप्प होता. त्यांची बाजू सावरायला जाऊ नकोस आणि त्यांच्यावर खटलाही भरू नकोस. काम काय होतं ते स्वच्छ मांड.

त्यांना धान्य पारखताना मी पाहिलं आहे. दुकान सोडून बरीच वर्षं झाली होती. शेजाऱ्यांनी मालदांडीचं पोतं आणलं आणि बघायला बोलावलं. वरच्या ज्वारीकडे त्यांनी पाहिलंही नाही. कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढली, तळहातावर पसरली, हलकी फुंकर घातली, एक दाणा दाताखाली धरून फोडला आणि त्याचा आवाज ऐकला. 'अजून ओल आहे. दोन उन्हं दाखवा,' एवढंच म्हणाले. बाकीची मूठ पोत्यात परत टाकली, खाली सांडलेले चार दाणे वेचून तेही टाकले. असं काही तूही पाहिलं असशील. नातवंडांनी आजोबांना जवळून पाहिलेलं असतं, फक्त ते लिहिण्याजोगं आहे असं त्यांना वाटत नाही. नोट मोजताना अंगठा कुठे ओला करायचे, चष्मा नसताना कागद किती लांब धरायचे, जिन्यावर कुठला हात भिंतीला लावायचे, सगळं लिहून काढ. नंतर गाळता येईल.

पैशाबद्दलही लिही, कारण त्यांच्या उमेदीच्या काळात पैसा आणि वजनं दोन्ही बदलली. मोगलाईतले लोक निजामाचा हाली रुपया घेऊन यायचे, बार्शीत चालायचा इंग्रजांचा कलदार. सात हालींचे सहा कलदार, असा सरकारी दर. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरही काही वर्षं हाली चालू होता, म्हणजे तरुण दिवाणजींना रोज दोन्ही नाण्यांत हिशेब करावा लागला असणार. मग १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै असलेला रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पाठोपाठ मेट्रिक वजनं आली. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, जाऊन किलो आला. ज्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून पेढीवर जागा मिळवली, त्यांची निम्मी विद्या दोन-चार वर्षांत निकामी झाली. आबा तेव्हा तिशीत होते, घरात तीन पोरं. त्यांनी नवीन शिकून घेतलं आणि दिवाणजी राहिले. मला विचारशील तर त्यांच्या आयुष्यातलं हे मोठं धाडस आहे, आणि तुझ्या पानांत त्याचा उल्लेखही नाही.

१९४८ बद्दल मात्र घाई करू नकोस. तुझ्या लिखाणात एक वाक्य आहे, 'रझाकारांच्या काळात त्यांनी अनेकांना मदत केली.' अनेकांना म्हणजे कुणाला? मदत म्हणजे काय? त्या वर्षी मोगलाईतल्या गावांतून कुटुंबंच्या कुटुंबं सरहद्द ओलांडून इकडे येत होती. सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसची शिबिरं होती. आबांचे आईवडील, भाऊ तेव्हा पलीकडे होते की इकडे आले होते? आले असतील तर गाडीत काय घालून आणलं आणि काय मागे राहिलं? १३ सप्टेंबरला भारताचं सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या बाजूनं आत शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. हा दिवस मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात. तिथवर सगळे सांगतात. त्याच्या पुढच्या आठवड्यांत उस्मानाबाद-लातूरकडच्या मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं, ते फारसं कोणी सांगत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याचा अहवाल सरकारला दिला होता, तो कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. तुमच्या पेढीवर तिकडचे मुसलमान शेतकरी माल आणत असतील, त्यांची खाती असतील. त्या खात्यांचं पुढे काय झालं? आबांच्या तोंडून याबद्दल काही निघालं होतं का, ते काकांना विचार. जे कळेल ते दोन्ही बाजूंचं लिही. कळालं नाही तर मोघम वाक्य ठेवण्यापेक्षा ते काढून टाक.

१९७२ चा दुष्काळ, सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो यांबद्दल तुझ्या वडिलांनाच बरंच आठवत असेल, ते तू लिहिशीलच. १९९३ च्या भूकंपाचं एका परिच्छेदात येऊ दे. ३० सप्टेंबरची पहाट होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून दमून झोपले होते. किल्लारीकडे जवळपास दहा हजार माणसं दगावली. तुमच्या घराच्या भिंतीला तेव्हाची भेग अजून आहे असं तू म्हणाली होतीस. तिचा फोटो घाल. छोटी गाडी बंद होऊन २००८ च्या सुमारास ब्रॉडगेज आली, तेव्हा आबा ऐंशीचे होते. त्या गाडीबद्दल गावात सगळेच हळवे होतात, त्यामुळे तिथं फार रेंगाळू नकोस.

आता कुणाला विचारायचं ते सांगतो. घरच्यांना विचारशीलच, पण घरच्यांकडे दिवाणजी कमी असतात, आबा जास्त असतात. बाजारात जा. त्यांच्या वेळचे हमाल आता हयात असतील तर ऐंशीच्या घरात असतील. त्यांच्यासमोर वही काढून बसू नकोस, आधी चहा घे, तुझं घर सांग, मग आपोआप बोलतील. पेढीवर पाण्याचा माठ कुठे होता, आणि त्यातून कोण स्वतः घेऊन प्यायचं, कोणाला वरून ओतून मिळायचं, हे विचारायला लाजू नकोस. त्या काळातल्या कुठल्याही पेढीबद्दल हा प्रश्न विचारायलाच हवा. आबांनी त्यात काही बदललं असेल तर हमालाच्या तोंडून ते येऊ दे, त्याला जास्त वजन राहील. काही बदललं नसेल, तरी त्याच्याच शब्दांत येऊ दे.

आणि ज्यांचं आबांशी पटलं नाही, त्यांच्याकडे जा. धाकट्या काकांशी दुकानाच्या नोकरीवरून त्यांचं वाजलं होतं आणि पुढे काही वर्षं बोलणं बंद होतं, हे गावाला माहीत आहे. पुस्तिकेत ते नसलं तर गावातला माणूस ती मिटून ठेवेल. काकांना आधी दाखव, त्यांना मान्य असेल तेवढंच ठेव, पण विषयच टाळू नकोस. काका आज त्याबद्दल कसं बोलतात, हेही आबांच्या आयुष्याचाच भाग आहे.

आजीबद्दल तू लिहिलंस की ती सावलीसारखी पाठीशी होती. बाळ, हे वाक्य काढ. तिनं शेवया विकल्या, पापड लाटून दिले, पेढीच्या पगारात पोरांच्या फिया भरल्या जात नव्हत्या तेव्हा पाटल्या मोडल्या. हे मला माहीत आहे, तर आत्याला कितीतरी जास्त माहीत असेल. आत्या स्वयंपाक करत असताना ओट्यापाशी जाऊन बस आणि फोन बाजूला ठेवून रेकॉर्डिंग चालू कर, तिला सांगून. हात कामात असले की बायका मोकळ्या बोलतात. समोरासमोर खुर्चीत बसवलंस तर ती तुला तेच चार सुविचार ऐकवेल.

प्रश्न विचारताना 'तो काळ कसा होता?' असं कधीच विचारू नकोस. त्याला 'फार चांगला होता' किंवा 'फार हालाचा होता' याशिवाय उत्तर नाही. दुकान उघडल्यावर सगळ्यांत आधी काय करायचे, असं विचार. लक्ष्मीपूजनाला नवी वही कुठून आणायचे, पहिल्या पानावर काय लिहायचे, पगार कितव्या तारखेला आणि कुणाच्या हातात द्यायचे, असं विचार. पंढरपूरची एकादशी करून बार्शीला भगवंताच्या दर्शनाला द्वादशी सोडायला येणाऱ्या वारकऱ्यांची गर्दी असायची, त्या दिवशी पेढी बंद असायची की जोरात चालायची? असल्या प्रश्नांना माणूस थांबतो, आठवतो आणि मग खरं सांगतो. तो थांबला की तू मध्ये बोलू नकोस.

दोघांनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली तर गोंधळून जाऊ नकोस. नव्वदी ओलांडलेल्या माणसाच्या आठवणीत दोन दुष्काळ एक होतात, दोन मालक एक होतात. आबांचे किस्से तू रेकॉर्ड केले आहेस ते सोनं आहे, पण सन-सनावळ्या पडताळून घे. जुळत नसेल तिथं 'आबा सांगायचे' एवढं जोडलं की पुरे. त्यांनी गोष्ट चुकीच्या वर्षात का नेऊन बसवली असेल, याचाही विचार कर. बऱ्याचदा तिथं काहीतरी असतं.

तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतल्या वह्या टाकून द्यायच्या ठरल्या होत्या, असं तुझ्या वडिलांकडून कळलं. कृपा करून टाकू नका. लाल कापडी बांधणीच्या, उभ्या उघडणाऱ्या त्या वह्या मोडीत आहेत म्हणून घरात कोणाला वाचता येत नाहीत. पेढ्यांवर मोडी स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालली. त्या बहुधा पेढीच्या नसून घरखर्चाच्या असाव्यात, कारण पेढीची वही दिवाणजी घरी आणत नसतो. तसं असेल तर तुमच्या घरात कोणत्या महिन्यात किती तेल आलं आणि कुणाच्या आजारपणात किती गेले, सगळं त्यांच्याच अक्षरात आहे. राज्याच्या पुराभिलेख खात्यामार्फत मोडीचे वर्ग आणि परीक्षा होतात, तिथून शिकलेले लोक सोलापुरात सापडतील. तूही शिकू शकतेस, तुझं डोकं त्याला चालेल. तोवर वह्या उन्हात ठेवू नकोस, चिकटपट्टी लावू नकोस, कोरड्या मऊ फडक्यानं पुसून पानांचे फोटो काढून ठेव.

शेवटचा भाग तू फार भरभर संपवलास. 'निवृत्तीनंतरचं आयुष्य त्यांनी समाधानात घालवलं' आणि मग थेट अखेरचा दिवस. अगं, पेढी सुटल्यानंतर ते पंचवीस वर्षांच्या आसपास जगले! त्यांच्या आयुष्याचा पाव हिस्सा तू एका ओळीत घातलास. आणि तुम्हा नातवंडांनी प्रत्यक्ष पाहिलेला हिस्सा तर हाच आहे.

इतकं दीर्घ आयुष्य म्हणजे किती जणांना पोचवून यायचं असतं, याचा विचार कर. मालक गेले, मालकांचा मुलगा गेला, पत्ते खेळणारे चौघे एकेक करून गेले, आजी गेली, आणि तुझे मोठे काका गेले तेव्हा आबा नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. लेकाच्या तेराव्याला ते ओसरीवर बसून आलेल्या प्रत्येकाला 'जेवलात का?' विचारत होते. मी त्या दिवशी तुमच्याकडे आलो होतो. मलाही विचारलं, थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून लोक खांद्यावर हात ठेवून मान हलवायचे. पुढे सकाळी पेपर आला की ते आधी निधनवार्ता वाचायचे, हे तूच मला सांगितलं होतंस आणि सांगताना हसली होतीस. हसण्यात चूक काही नाही. पण लिहिताना हे लक्षात घे, की गावातली खबर त्यांच्यापर्यंत आणणारं दुसरं कोणी उरलेलं नव्हतं.

त्यांची तीच ती गोष्ट सांगायची सवय, औषधाच्या डबीवरून होणारी चिडचिड, रात्री उठून दाराची कडी तपासणं, हे सगळं येऊ दे. शेवटच्या वर्षात ते तुला आत्याच्या नावानं हाक मारायचे, तेही लिही. यानं त्यांचा मान कमी होईल असं तुझ्या आईला वाटेल. तिला समजावून सांग. ज्या घरानं एवढं वय सांभाळलं, त्या घराचीही नोंद त्यात होते. सुनेनं रात्री किती वेळा उठून दिवा लावला, हे लिहिलं नाही तर तुझी आई या पुस्तिकेत कुठे दिसणारच नाही.

फोटो निवडताना आबांचा एकट्याचा, शाल-श्रीफळाचा फोटो मुखपृष्ठावर नको. दुकानासमोर सगळे उभे असलेला जुना फोटो तुमच्याकडे आहे, तो घे, आणि आत्याला विचारून त्यातल्या प्रत्येकाचं नाव खाली छाप. कडेला पोत्यावर बसलेल्या मुलाचंही.

पुस्तिका चाळीस पानांच्या पुढे नेऊ नकोस. नेमकं लिहिलंस तर चाळीस भरपूर होतात. छापल्यावर दोन प्रती गावातल्या वाचनालयाला, एक बाजार समितीला आणि एक आबांच्या जन्मगावच्या शाळेला दे. तिथली मुलं वाचतील.

दिवाळीआधी आत्याकडे जाऊन ये, तिची तब्येत आता पूर्वीसारखी नाही. रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं उतरवून काढ, तिची भाषा सुधारू नकोस. कामाची ती सहा पानं आधी लिही, बाकीचं मागाहून. ती झाली की मला पाठव, आणि पेटीतल्या वह्यांपैकी एखादी बरोबर घेऊन ये. मोडी मला थोडीफार लागते, दोघं मिळून पहिली पानं लावू.

तुझा,
सर